एक पाय उचलून

घरात कुठे जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब उरला असेल तर तो होल्डरमधून काढा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध (रेझिस्टन्स) मोजण्यावर, लावून बल्बच्या बुडाच्या दोन टिपक्यांना पिना टेकवा. मीटर 60 ते 70 ओहमच्या दरम्यान काहीतरी दाखवेल. आता कागदावर हिशेब मांडा. घरातल्या विजेच्या 230 व्होल्टचा वर्ग भागिले बल्बचे 60 वॅट, म्हणजे साधारण 882 ओहम. बल्ब तोच, मीटर धडधाकट, हिशेबही बरोबर. आणि दोन आकड्यांत तेरा-चौदा पटींचा फरक.

फरक उष्णतेचा आहे. पेटलेल्या बल्बातली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तापलेला धातू विजेला जास्त अडवतो. 882 हा पेटलेल्या तारेचा आकडा, 65 हा गार तारेचा. बल्ब जायचा तर बहुधा बटण दाबताक्षणी जातो तोही याचमुळे: तेव्हा तार गार असते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट तिच्यातून धावतो. हे सगळं समजलं, तरी एक गोष्ट मला बरेच दिवस खटकत राहिली. मीटर खोटं बोललेला नाही. मग त्याने दिलेल्या आकड्यातून बल्बच्या रोजच्या कामाचा पत्ता कसा लागत नाही?

व्होल्ट मोजताना मीटर नुसता ऐकतो. दाब दुसऱ्याचा असतो, हा फक्त किती आहे ते सांगतो. ओहमवर लावला की मात्र तो स्वतः बोलायला लागतो. पोटातल्या बॅटरीने समोरच्या वस्तूला हळूच ढोसतो आणि ती किती अडवते ते बघतो. म्हणजे रेझिस्टन्सचा प्रत्येक आकडा हे एका प्रश्नाचं उत्तर असतं, आणि प्रश्न किती जोराने विचारला, वस्तू गार असताना की तापलेली असताना, एकटी असताना की चारचौघांत, यावर ते उत्तर ठरतं. दुरुस्तीच्या धंद्यातली निम्मी अक्कल या विचारण्यातच खर्च होते, असं माझं मत आहे. उरलेली निम्मी गिऱ्हाइकाला समजावण्यात.

ही अक्कल मला थोडीफार मिळाली ती कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायचो. मालकांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. टेबलावर काट्याचा सान्वा मीटर, शेजारी सोल्डरिंग गन, रोझिनची (राळेची) डबी आणि काढलेले पार्ट टाकायला श्रीखंडाचे रिकामे डबे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नाशिकरोडला तयार होणारे मोटवानेचे मीटर होते, भारदस्त, त्यांना हात लावायचा तर वहीत सही करावी लागे. अण्णांच्या मीटरची काच मधोमध तडकलेली होती आणि तो दिवसभर हातात असायचा.

काट्याचा मीटर ओहमवर उलटा चालतो, हे नव्या माणसाला जरा विचित्र वाटतं. पिना मोकळ्या असताना काटा डाव्या टोकाला, तिथे अनंताची खूण. पिना एकमेकींना चिकटवल्या की काटा उजवीकडे धाव घेतो, तिथे शून्य. डावीकडे आकडे एकमेकांच्या अंगावर चढलेले, उजवीकडे ऐसपैस. कारण साधं आहे. काटा दाखवतो तो करंट, आणि रोध जितका वाढेल तितका करंट कमी. समोरचा रोध मीटरच्या त्या रेंजच्या आतल्या रोधाइतका झाला की करंट निम्मा होतो आणि काटा बरोबर मध्यावर येतो. म्हणून रेंज अशी निवडायची की काटा मध्याच्या आसपास थांबेल. रेंज बदलली की पिना जोडून, बारकं चाक फिरवून काटा पुन्हा शून्यावर आणायचा. चाक पूर्ण फिरवूनही शून्य येईना म्हणजे आतले सेल उतरले. या चाकामुळे एक सवय लागते: दुसऱ्याला मोजण्याआधी प्रत्येक वेळी मीटरची स्वतःची परीक्षा होते. डिजिटल मीटरने ती सवय मोडली, याचं मला वाईट वाटतं. हल्लीच्या पिवळ्या स्वस्त मीटरच्या पिना एकमेकींना लावून बघा. अर्धा ओहमसुद्धा दिसेल. तो पिनांच्या वायरीचा असतो, आणि दोन-तीन ओहमची वस्तू मोजताना तो वजा करायचा असतो, हे सांगायला तिथे चाक नाही.

अण्णांचं पहिलं वाक्य जे मला पाठ झालं ते हे: "ओहमवर काळी पिन प्लस असते. हे विसरलास की सगळे ट्रान्झिस्टर उलटे." सान्वासारख्या मीटरमध्ये आतल्या बॅटरीचं धन टोक काळ्या पिनेला येतं. डायोडमधून करंट एकाच दिशेने जातो, त्यामुळे डायोडला कुठल्या बाजूने विचारलं यावर सगळं अवलंबून. ट्रान्झिस्टर तपासायचा म्हणजे पाठीला पाठ किंवा तोंडाला तोंड लावलेले दोन डायोड आहेत असं समजून तपासायचा. एका पायावर एक पिन धरून उरलेल्या दोन्ही पायांकडे काटा हलतो, तो पाय बेस. ट्रान्झिस्टरच्या जाती दोन: त्यावर काळी पिन असेल तर माल एन-पी-एन, लाल असेल तर पी-एन-पी. डिजिटल मीटरवर हे सगळं पुन्हा सुलट होतं, लाल प्लस. शिवाय तिथे ओहमऐवजी डायोडची खूण असते आणि पडद्यावर व्होल्ट दिसतात: सिलिकॉनला 0.6 च्या आसपास, जुन्या जर्मेनियमला 0.2 किंवा 0.3. जुन्या रेडिओतला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर एसी 128 आणि नंतरच्या काळातला सिलिकॉनचा बीसी 548 कव्हरवरचं नाव पुसलं गेलं तरी यावरून वेगळे ओळखता येतात.

रेझिस्टरवरचे रंग वाचायला मात्र मीटर लागत नाही. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन असं पांढऱ्यापर्यंत नऊ. ते लक्षात ठेवायला रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवर रचलेली, ग्रेट ब्रिटनमधल्या बी. बी. रॉय यांची आणि त्यांच्या गुणी बायकोची ओळ भारतातल्या प्रत्येक आयटीआयमध्ये घोकली गेली आहे. मला पडलेलं कोडं वेगळं होतं. दुकानात 4.7 के, म्हणजे 4.7 हजार ओहमचा, मिळतो, 5.6 के मिळतो, सरळ 5 के का मिळत नाही? उत्तर सुरेख आहे. दहा टक्के इकडेतिकडे होणाऱ्या रेझिस्टरसाठी एक ते दहा या पट्टीचे बारा समान पटींचे टप्पे पाडले: 10, 12, 15, 18, 22, 27, 33, 39, 47, 56, 68, 82. प्रत्येक टप्पा आधीच्याच्या सुमारे 1.21 पट. 4.7 वाला दहा टक्के वर चढला तर 5.17 होतो आणि 5.6 वाला दहा टक्के उतरला तर 5.04. म्हणजे मधली जागा दोघांनी मिळून झाकली. कारखान्यातून कसाही माल बाहेर पडो, त्याला बसायला एक घर आहेच. चूक होणार हे गृहीत धरून इतका नीटनेटका बंदोबस्त मी दुसरीकडे फारसा बघितलेला नाही.

आता त्या चारचौघांच्या गोष्टीकडे येतो. बोर्डावर बसलेला 10 के चा रेझिस्टर मोजला आणि मीटर 2 के दाखवू लागला तर रेझिस्टर वाईट आहे का? बहुतेक वेळा नाही. मीटरने ढोसलेला करंट फक्त त्या रेझिस्टरमधून जात नाही. शेजारची कॉइल, ट्रान्झिस्टरचा जोड, मागच्या गल्लीतला दुसरा रेझिस्टर, ज्या वाटेने जाता येईल त्या वाटेने जातो. आपण विचारतो एकाला आणि उत्तर देते सगळी आळी. अशा वेळी अण्णा मान वर न करता म्हणायचे, "एक पाय उचल." दोन्ही टोकं सुटी करायची गरज नाही. सोल्डर वितळवून एक पाय बोर्डातून मोकळा केला की शेजाऱ्यांचा संबंध तुटला. मग विचारायचं.

प्रत्येक पार्टचा पाय उचलत बसलो तर दिवस जाईल, म्हणून त्यांचा एक ठोकताळा होता. सर्किटमध्ये असताना रंगांपेक्षा कमी दाखवलं तर शंका घ्यायची. जास्त दाखवलं तर रेझिस्टर गेलाच. समांतर वाटा रोध कमी करू शकतात, वाढवू शकत नाहीत. व्हॉल्व्हच्या रेडिओतले जुने कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वाढत जातात, त्यामुळे तिथे हा ठोकताळा भराभर बळी टिपतो. फसवणारा एकच, भरलेला कंडेन्सर. त्याच्यात शिल्लक राहिलेला दाब मीटरच्या बॅटरीच्या आड येतो आणि काटा वाट्टेल ते दाखवतो. जुन्या टीव्हीच्या मुख्य कंडेन्सरमध्ये 300 व्होल्टच्या वर साठा असायचा. तो मीटरचा आणि हाताचा दोघांचाही समाचार घेतो. अण्णा त्याच्या पायांना आधी बल्ब लावायचे. बल्ब क्षणभर उजळून विझला की मगच मीटर.

कंडेन्सर तपासताना काट्याची मजा डिजिटलला येत नाही. पिना लावल्या की काटा शून्याकडे झेपावतो आणि मग कंडेन्सर भरत जाईल तसा दमादमाने अनंताकडे परततो. झेपच घेतली नाही तर कंडेन्सर सुकला. झेप घेऊन तिथेच राहिला तर शॉर्ट. अर्ध्यात अडकला तर गळतो. पंख्याचा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर उतरून दीडवर आला की पंखा मरतुकड्यासारखा फिरतो, त्याला क्षमता मोजणारा मीटर पुरतो. पण हल्लीच्या अडॅप्टरांमध्ये, टीव्हींच्या सप्लायमध्ये एक वेगळा आजार दिसतो. कंडेन्सरची क्षमता जवळजवळ पूर्ण भरते, शॉर्ट नाही, गळती नाही आणि तरी सेट उठत नाही. त्याच्या आतला मालिकेतला रोध वाढलेला असतो. हा रोध साध्या डीसी मीटरला दिसूच शकत नाही, कारण डीसीला कंडेन्सर वाटच देत नाही. त्यासाठी सेकंदाला एक लाख वेळा उलटसुलट होणारा करंट पाठवून विचारावं लागतं. ईएसआर मीटर तेच करतो.

विचारणारा स्थिर हवा, ही अडचण ओहमसाहेबांनाही आली होती. गेओर्ग सिमोन ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगेनमधल्या एका कुलूपकाराचा मुलगा, कोलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून वीज किती जाते ते तो मोजत होता. त्या काळातल्या बॅटऱ्या मात्र जोडल्या की ढेपाळायच्या. तार बदलली म्हणून करंट बदलला की बॅटरी दमली म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा पोगेनडॉर्फ या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने सुचवलं की बॅटरी सोड आणि तापमानाच्या फरकातून वीज घे. ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा जोड बनवला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर फरक हलत नाही, म्हणून दाबही हलत नाही. दाब अगदी चिमूटभर, पण एकसारखा. त्यावर 1826 मध्ये त्याला आकडे मिळाले आणि 1827 मध्ये पुस्तक आलं. घरच्या विद्वानांनी त्याचं फार थंड स्वागत केलं. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कॉप्ली पदक दिलं. म्युनिकच्या विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळालं 1852 मध्ये, आणि दोन वर्षांनी तो गेला.

त्याच्या नावाचं एकक 1881 च्या पॅरिसच्या परिषदेने स्वीकारलं. पुढे 1893 मध्ये शिकागोला ठरलेली त्याची व्याख्या मला फार आवडते: वितळत्या बर्फाच्या तापमानाला, 14.4521 ग्रॅम वजनाच्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या, 106.3 सेंटिमीटर लांब पाऱ्याच्या स्तंभाचा रोध. एक ओहम म्हणजे काय हे सांगायलासुद्धा आधी बर्फ आणावा लागतो.

करंट, व्होल्ट आणि ओहम मोजायला तीन वेगळी उपकरणं वागवून कंटाळलेल्या डोनाल्ड मॅकाडी या ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या इंजिनिअरने तिन्ही एका पेटीत घातली, आणि 1923 मध्ये त्याचा एव्हो मीटर बाजारात आला. आज पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जो पिवळा मीटर स्वस्तात मिळतो तो त्याचाच दूरचा वंशज. त्याच्या गुणांबद्दल मला तक्रार नाही, त्याच्या बझरबद्दल आहे. बझर वाजला म्हणजे वायर चांगली, अशी नव्या पोरांची पक्की समजूत असते. मिक्सरच्या वायरीत आतले सगळे धागे तुटून एकच उरला असेल तरी बझर आनंदाने वाजतो. त्याला विचारायला एखादा मिलिअँपिअर पुरतो आणि तेवढा तो एकटा धागाही नेतो. मिक्सरला दोन-तीन अँपिअर हवे असतात, तेव्हा त्या धाग्याचा जीव जातो. गावाकडचे वायरमन सिरीज बोर्डावर बल्ब लावून वायर तपासायचे, त्याला आम्ही कॉलेजात शिकलेले लोक अडाणीपणा समजत होतो. 200 वॅटचा बल्ब वायरीतून जवळजवळ एक अँपिअर ओढतो. वायर हलवताना बल्ब लुकलुकला की तिथे तोडायची. मीटरपेक्षा तो प्रश्न जास्त रोखठोक आहे, एवढं खरं. अर्थात उघड्या टोकांवर 230 व्होल्ट नाचवणं हे ज्याचं त्याने बघावं. मी शिफारस करणार नाही.

जोराने विचारण्याची खरी गरज 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर बघायला मिळाली. नदीकाठच्या ज्या मोटरी वेळेत वर काढता आल्या नाहीत त्या गाळातून निघून रिवायंडिंगच्या दुकानांपुढे येऊन पडल्या होत्या. अण्णांच्या दुकानाशेजारच्या रिवायंडिंगवाल्याकडे मी उभा होतो. एक शेतकरी स्वतःचा मीटर घेऊन आले होते. तिन्ही फेजच्या जोड्या त्यांनी मोजल्या, तिन्हीकडे सारखे ओहम. कॉइल आणि बॉडी यांच्यामध्ये मोजलं, मीटर काहीच दाखवेना, म्हणजे बॉडी शॉर्ट नाही.

"मीटर तर बरोबर दावतोय की ओ, मग मोटर द्या की सोडून."

"नऊ व्होल्टाला बरोबर दावतोय, दादा. चारशे चाळीसला इचारा तिला," असं म्हणत रिवायंडिंगवाल्याने मेगर पुढे ओढला आणि दांडा फिरवला. मेगर हे लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीने 1903 मध्ये नोंदवलेलं नाव. आता ते कुठल्याही कंपनीच्या उपकरणाला चिकटलं आहे. आतला छोटा जनरेटर 500 व्होल्ट तयार करतो आणि त्या दाबाखाली इन्सुलेशन किती तग धरतं ते दाखवतो. किमान एक मेगओहम तरी हवा. काटा शून्याला जाऊन टेकला. साध्या मीटरला कोरडी वाटणारी कॉइल 500 व्होल्टला ओली निघाली.

मग मोटर पत्र्याच्या खोक्यात, भोवती मोठे बल्ब पेटवून, वाळायला ठेवायची. इथे एक गंमत आहे, जी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. वाळवायला लागल्यावर मेगरचा आकडा सुरुवातीला उलट खाली जातो. तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो आणि इन्सुलेशनचा घटतो. शिवाय आत दडलेली ओल गरम होऊन सुटी होते. ती निघून गेली की आकडा चढायला लागतो, आणि चढून एका जागी स्थिरावला की मोटर वाळली. घाईच्या माणसाने नेमक्या मधल्या वेळी मेगर मारला तर तो चांगली मोटर भंगारात काढेल.

तांब्याच्या त्या वाढण्याचाही उपयोग होतो. मोटरच्या आत थर्मामीटर खुपसता येत नाही. मग गार असतानाचा कॉइलचा रोध लिहून ठेवायचा, मोटर भाराखाली तास-दोन तास चालवायची आणि बंद करताच पुन्हा मोजायचा. तापमान 30 अंशांवरून 100 वर गेलं तर तांब्याचा रोध सुमारे 27 टक्के वाढतो. बल्बच्या बाबतीत जो मला घोटाळा वाटला होता, त्याच्यावर इथे मोटर कारखान्यांची तपासणी उभी आहे. असे ओहमच्या अंशाचे फरक बघताना मात्र करंट एका जोडीने पाठवावा लागतो आणि व्होल्ट दुसऱ्या जोडीने मोजावे लागतात, नाहीतर पिनांच्या वायरीच उत्तरात घुसतात.

अण्णांचं दुकान आता त्यांचा नातू चालवतो. रेडिओ नाहीत, मोबाइल आहेत. मागच्या खेपेला तो मायक्रोस्कोपखाली एक बोर्ड घेऊन बसला होता. खसखशीएवढे पार्ट, पाय उचलायचा म्हटलं तर पायच नाहीत. तो मीटर डायोडवर लावतो, लाल पिन ग्राउंडला आणि काळी पिन कनेक्टरच्या एकेका टोकावर टेकवत जातो. शेजारी त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड. तिथे 0.45 दिसतं तर इथेही तेवढंच दिसायला हवं. सगळी आळी एकदम बोलते ही अडचण त्याने अशी वापरून घेतली आहे: बोलू दे सगळ्यांना, आवाज निरोगी आळीसारखा येतोय का एवढंच बघायचं.

एका टोकाला मीटरने 0.00 दाखवलं. शॉर्ट. पण त्या लाइनीवर आठ-दहा कंडेन्सर, त्यातला कुठला? त्याने रोझिनचा धूर बोर्डावर सोडला, पांढरी साय बसली. मग सप्लायमधून एक व्होल्ट त्या लाइनीत सोडला. जो शॉर्ट होता त्याच्यातून करंट गेला, तो तापला, आणि त्याच्यापुरती साय वितळून गेली. चिमट्याने त्याने तो कण उचलून फेकला आणि पिना पुन्हा टेकवल्या. 0.45.

"दुसरा लावायचा नाही?" मी विचारलं.

"नाही लावला तरी चालतंय काका. बाजूला अजून असलेच आहेत की सगळे," तो म्हणाला आणि कव्हर लावायला घेतलं.